पॉइंट झिरो आणि पहिला पावसाळा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रिकावाल्या काकांचं दुकान आहे. लग्न, मुंज, साखरपुडा, वास्तुशांत, सगळ्यांच्या पत्रिका तिथेच छापल्या जातात. दुकानात दोन कॉम्प्युटर. एक इतका जुना की त्याचा मॉनिटर अजून मागून फुगलेला आहे. त्याच्या कपाळावर चिकटपट्टीने कागद लावलाय: 'नेट जोडू नये. अपडेट करू नये. विचारल्याशिवाय हात लावू नये.' दुसरा नवा, भाच्याने घेऊन दिलेला.

मागच्या दिवाळीनंतर, तुळशीची लग्नं लागायच्या आत, भाच्याने त्या नव्या मशीनवरचा पत्रिकांचा मजकूर मांडायचा प्रोग्राम मोठ्या नव्या आवृत्तीवर नेला. हेतू चांगलाच होता. नव्या आवृत्तीत तयार नक्षी होती, रंग खुलून दिसत होते आणि जुन्या फाइली आपोआप नव्या फॉन्टमध्ये बदलून मिळणार होत्या. मिळाल्याही. साडेतीनशे पत्रिका छापून झाल्या, घड्या पडल्या, कोपऱ्यांना हळदीकुंकू लावायला मुलीच्या घरी गेल्या आणि तिथून फोन आला: 'काका, आमचं गाव कुठं गेलं?'

'ता. कऱ्हाड'चं 'ता. कर्हाड' झालं होतं. तो आडवा वळणदार अर्धा र नाहीसा होऊन ह च्या डोक्यावर रफार बसला होता. हा अर्धा र मराठीला पावलोपावली लागतो, हिंदीला लागत नाही. प्रोग्राम बनवणाऱ्यांनी देवनागरी तपासली असणारच, पण बहुधा हिंदी मजकुरावर. मराठी संकेतस्थळांवर वर्षानुवर्षं 'व-हाड' आणि 'दुस-या' अशी मधे आडवी रेघ दिसायची, तेही याच घराण्यातलं दुखणं.

काकांनी पदरच्या पैशाने पत्रिका पुन्हा छापून दिल्या. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो हे त्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी चहाला थांबवून म्हणाले, 'तुम्ही लोक तपासून पाठवत नाही काय रे?'

तपासतो, काका. रात्री जागून तपासतो. तरीही कऱ्हाडचं कर्हाड होतं. ते कसं होतं, हे चहा संपेपर्यंत सांगून झालं नाही, म्हणून इथे लिहितोय.

तीन हजार वर्षांचं काम

आधी साधा हिशेब. एखाद्या प्रोग्रामला चालू-बंद अशी फक्त दहा बटणं आहेत असं धरा. ती किती वेगवेगळ्या प्रकारे लावून ठेवता येतील? १,०२४. बटणं वीस केली तर उत्तर दहा लाखांच्या वर जातं. तीस केली तर १०७ कोटी. दिवसाला हजार मांडण्या तपासायच्या म्हटल्या तर तीस बटणांना जवळजवळ तीन हजार वर्षं लागतील.

खऱ्या प्रोग्रामला तीस बटणं नसतात, हजारो असतात. त्यात ग्राहकाचा प्रिंटर, तो चालवणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम, पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी टाकून ठेवलेला फॉन्ट, भरत आलेली डिस्क आणि वीज गेल्यावर धाडकन बंद पडायची सवय हे सगळं मिळवा. आमच्या हाताखाली आपोआप तपासणाऱ्या स्क्रिप्ट असतात, त्या रात्रभरात हजारो चाचण्या करतात. पण चाचणी लिहायला ती आधी कुणालातरी सुचावी लागते. ज्याने कऱ्हाड कधी लिहिलंच नाही, त्याला कऱ्हाडची चाचणी सुचणार कशी?

म्हणून आम्ही निवड करतो. बहुतेक लोक जे करतात ते आधी तपासायचं, पैसे आणि डेटा जिथे अडकलाय ते कसून तपासायचं, उरलेलं वेळ मिळेल तसं. आणि वेळ म्हणजे तारीख. मोठ्या रिलीजची तारीख महिनोन्महिने आधी ठरलेली असते, जाहिराती तयार असतात, कुणीतरी मोठ्या साहेबाने स्टेजवर ती बोलूनही टाकलेली असते. शेवटच्या आठवड्यात एक मीटिंग होते. समोर उरलेल्या बगांची, म्हणजे दोषांची, यादी असते. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले जातात: किती जणांना होईल आणि झाला तर किती वाईट? त्यावरून 'आत्ता दुरुस्त' किंवा 'पुढच्या वेळी' असा शिक्का बसतो.

हे बाहेर फारसं कुणी बोलत नाही म्हणून स्पष्टच सांगतो. मोठी आवृत्ती तुमच्या हातात पडते तेव्हा तिच्यातले बरेचसे दोष बनवणाऱ्यांना आधीच माहीत असतात. प्रामाणिक कंपन्या 'ज्ञात अडचणी' म्हणून त्यांची यादी छापतात. ती यादी वाचणारे लोक मी हाताच्या बोटांवर मोजेन. 'पुढच्या वेळी'चा शिक्का मीही मारलाय. एका रिलीजच्या आधी मला दिसलं होतं की फाइलीचं नाव फार लांब असलं तर सेव्ह केल्यासारखं दिसतं, पण होत नाही. 'एवढं लांब नाव कोण देतं?' असं कुणीतरी म्हणालं, मीही मान डोलावली. रिलीजनंतर चौथ्या दिवशी कळलं की सरकारी कार्यालयांत देतात.

नव्या इमारतीत फ्लॅट घेतलेल्या माणसाला हे पटकन कळेल. ताबा मिळतो तेव्हा भिंती गुळगुळीत असतात, नळाला पाणी येतं, लिफ्टमध्ये आरसा असतो. बिल्डरने तपासलेलं असतं, आपणही एक जाणकार नेऊन दाखवलेलं असतं. पण गच्ची गळते का, खिडकीच्या चौकटीतून पाणी आत येतं का, हे पहिला पावसाळा येईपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. सॉफ्टवेअरची पॉइंट झिरो आवृत्ती, म्हणजे ४.० किंवा १०.० वगैरे, ही पावसाळा न पाहिलेली इमारत. आणि सॉफ्टवेअरचा पाऊस म्हणजे आपण: लाखो माणसं, लाखो मशीन, एकाच वेळी.

२ ऑक्टोबर २०१८

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी बाहेर काढली. चारच दिवसांत तिचं वाटप थांबवावं लागलं, कारण काही लोकांच्या मशीनवरचे डॉक्युमेंट्स आणि फोटो अपडेट झाल्यावर गायब झाले होते.

घडलं काय ते पाहण्यासारखं आहे, कारण त्यात कुणी मूर्खपणा केला असं म्हणता येत नाही. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरलेले फोल्डर असतात. सी ड्राइव्ह भरत आला की काही लोक हे फोल्डर डी ड्राइव्हकडे वळवतात. वळवताना विंडोज विचारतं, जुन्या फाइली पण तिकडे हलवू का? काही जण 'नको' म्हणतात. मग नव्या फाइली डी वर जायला लागतात आणि जुन्या सी वर तशाच राहतात. एकाच नावाचे दोन फोल्डर.

आता आधीच्या, एप्रिल २०१८ च्या आवृत्तीबद्दल अशा लोकांची तक्रार आली होती की अपडेटनंतर त्या नावांचे रिकामे, फालतू फोल्डर तयार होतात. मायक्रोसॉफ्टने तक्रार ऐकली. १८०९ मध्ये असे जादा फोल्डर शोधून काढून टाकणारा कोड घातला. कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते फोल्डर रिकामे होते. ज्यांनी 'नको' म्हटलं होतं त्यांचे ते रिकामे नव्हते. झाडू मारणाऱ्याला सांगितलं होतं की माळ्यावरचे रिकामे खोके टाकून दे. खोक्यात आजीची पत्रं होती.

मायक्रोसॉफ्टने नंतर सांगितलं की प्रत्यक्ष डेटा गेल्याच्या तक्रारी ही आवृत्ती बसवलेल्या मशीनपैकी दहा हजारांत एक इतक्या होत्या. आकडा लहान आहे. आमच्या त्या मीटिंगमध्ये एवढ्या आकड्यावर 'पुढच्या वेळी'चा शिक्का सहज बसला असता. पण ज्या माणसाच्या मुलीचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो गेले, त्याचे दहा हजारांत एक गेले नाहीत, सगळे गेले.

त्याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. हा प्रकार कुणालाच दिसला नव्हता असं नाही. आवृत्ती आधी वापरून पाहणाऱ्या हौशी लोकांपैकी काहींनी कंपनीच्या तक्रारपेटीत तो नोंदवला होता. पण तिथे तक्रारी वर येत त्या किती जणांनी दुजोरा दिला त्यावर. फाइली जाण्याची तक्रार थोड्यांचीच, त्यामुळे ती ढिगाखाली राहिली. नंतर मायक्रोसॉफ्टने त्या पेटीत 'याचा परिणाम किती गंभीर' हे नोंदवायची सोय केली. तोवर आवाज किती जणांचा एवढंच मोजलं जात होतं. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा दोष कोडमध्ये नव्हता, या पेटीत होता.

आणि चटका कुणाला बसला? विंडोज ही आवृत्ती सगळ्यांना आपोआप ९ ऑक्टोबरपासून देऊ लागणार होतं. त्याआधी ती मिळाली ती स्वतः सेटिंगमध्ये जाऊन 'अपडेट आहे का बघू' हे बटण दाबणाऱ्यांना. ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांना काहीच झालं नाही. दुरुस्त केलेली १८०९ पुन्हा आली ती १३ नोव्हेंबरला.

पुढच्यास ठेच

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. तीस वर्षांपूर्वीचे सिस्टिमवाले हेच दुसऱ्या शब्दांत सांगायचे: विंडोज नवं आलं की पहिला सर्व्हिस पॅक, म्हणजे दुरुस्त्यांचा गठ्ठा, येईपर्यंत थांबा. लिनक्स ही विंडोजसारखीच मशीन चालवणारी प्रणाली, आणि ती बांधून लोकांना देणाऱ्यांना वितरणं म्हणतात. त्यातल्या उबुंटू या वितरणाने तर ही म्हण आपल्या व्यवस्थेतच बसवून टाकली आहे. त्यांची दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला वर्ष-महिन्याचा आकडा मिळतो, जसं २४.०४. पण आधीची तशीच आवृत्ती वापरणाऱ्याला 'चला नव्यावर' असा निरोप एप्रिलमध्ये जात नाही. तो २४.०४.१ तयार झाल्यावर जातो, म्हणजे ऑगस्टच्या शेवटाकडे. चार महिने इतरांना भिजू देतात आणि मग तुम्हाला बोलावतात. डेबियन या दुसऱ्या वितरणाचे लोक आणखी हट्टी. त्यांची ठाम तारीखच नसते बराच काळ. तयार झालं की देऊ, असा मामला.

आकड्यांबद्दल दोन शब्द. ३.७.२ असं काही दिसलं तर बरेचसे प्रोग्रामर त्याचा अर्थ असा धरतात: शेवटचा आकडा वाढला तर फक्त दुरुस्ती, मधला वाढला तर नव्या सोयी पण जुनं मोडत नाही, पहिला वाढला तर जुनं काहीतरी मोडणार आहे. तो पहिला आकडा म्हणजे धोक्याची पाटीच. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची ३.० आवृत्ती ३ डिसेंबर २००८ ला आली आणि तिने जुने प्रोग्राम मुद्दाम मोडले, भाषेतल्या जुन्या चुका निस्तरण्यासाठी. जुनी पायथन २ अधिकृतपणे बंद झाली १ जानेवारी २०२० ला. मधली अकरा वर्षं जगभरचे लोक एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभे होते. हे मात्र सगळीकडे पाळलं जात नाही. कित्येक कंपन्या आकडा जाहिरातवाल्यांना विचारून ठरवतात, आणि फोनवरच्या ॲपचा आकडा तर पंचांगातल्या शकासारखा आपला वाढत राहतो.

कधीकधी आकडाच फसवतो. लिनक्सवरचा केडीई हा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावर दिसणारं सगळं रूप, जानेवारी २००८ मध्ये ४.० झाला. बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं की हा पाया आहे, रोजच्या वापराला अजून वेळ लागेल. पण ४.० लिहिलेलं पाहून वितरणांनी तो सरळ लोकांच्या हातात दिला. लोक वैतागले, खुद्द लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हाल्ड्स दुसऱ्या डेस्कटॉपवर निघून गेला. पुढच्या आवृत्त्या चांगल्या निघाल्या, पण बदनामी व्हायची ती झाली.

आता कुणी शहाणा वाचक विचारेल: सगळेच मागे थांबले तर ठेच लागणार कुणाला? बरोबर आहे. कुणीतरी आधी जावं लागतं, आणि हौसेने बीटा, म्हणजे पूर्ण तयार न झालेली आवृत्ती, वापरून तक्रारी लिहिणाऱ्यांच्या जिवावर आपण बाकीचे सुखात राहतो. मोठ्या कंपन्या आता ही ठेच वाटून देतात. नवी आवृत्ती आधी स्वतःच्या कर्मचाऱ्यांना, मग शंभरात एका ग्राहकाला, मग दहाला, कुठे आरडाओरडा झाला तर नळ बंद. तुमच्या शेजाऱ्याच्या फोनवर नवं काही दिसतं आणि त्याच कंपनीच्या तुमच्या फोनवर नाही, त्याचं कारण बहुधा हेच. तुमचा नंबर अजून लागलेला नाही. गोष्ट वाईट नाही, फक्त पहिल्या एकात आपण आहोत हे आपल्याला कुणी सांगत नाही.

हा नळ हळूहळू सोडला नाही तर काय होतं, ते १९ जुलै २०२४ ला साऱ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक ही मशीनची राखण करणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना तिने एक छोटी माहितीची फाइल सगळ्यांना एकदम पाठवली. फाइलीतला मजकूर वाचताना प्रोग्राम अडखळला, आणि तो विंडोजच्या गाभ्यात बसलेला असल्यामुळे अख्खं मशीन कोसळलं. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन निळी पडली होती. विमानतळांवर रांगा लागल्या, भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने फाइल मागे घेतली तरी आधीच पडलेली मशीन आपोआप उठेनात. कित्येक ठिकाणी माणसाला एकेका मशीनसमोर बसून ती फाइल काढावी लागली.

यातली गंमत, गंमत म्हणवत नाही, पण ती अशी. या कंपनीच्या ग्राहकांना मुख्य प्रोग्राम एक-दोन आवृत्त्या मागे ठेवायची सोय होती. सावध लोकांनी तसं ठेवलंही होतं. पण ही फाइल 'प्रोग्राम' नव्हती, 'माहिती' होती. ती सगळ्यांना एकाच वेळी जायची. सावध माणसं बेसावधांच्या शेजारी आडवी झाली.

मग अपडेट करायचंच नाही का?

इथवर वाचून कुणी काकांचा कागद आपल्या लॅपटॉपवर चिकटवायला निघाला असेल तर थांबा. दुसरी बाजू याहून भयंकर आहे.

विंडोजमधलं एक भोक बुजवणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ ला आली. त्याच भोकातून शिरणारा वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम १२ मे २०१७ ला सुटला आणि दीडशेच्या आसपास देशांत पसरला. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. दुरुस्ती आणि हल्ला यांच्या मधे जवळपास दोन महिने होते. ज्यांनी ती दुरुस्ती बसवली होती त्यांच्या मशीनमध्ये त्या भोकातून काही शिरलं नाही. बाकीचे 'बघू सावकाश' म्हणत बसले होते.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. तो मुळात पसरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट पाठवायच्या यंत्रणेतच घुसखोरी केली होती. एकदा आत शिरल्यावर तो बाकीच्या मशीनवर जो उड्या मारत गेला, त्यातला एक रस्ता मात्र तेच मार्चमध्ये बुजवलेलं भोक. मेर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्याकडचं आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं टर्मिनलही ठप्प झालं. म्हणजे एकाच प्रकरणात अपडेट घेणारेही बुडाले आणि न घेणारेही.

सुरक्षेच्या जगात हा झोपाळा कायम हलत असतो. ओपनएसएसएल हा इंटरनेटवरच्या कुलपांचा एक पायाभूत प्रोग्राम. त्याच्या मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीत नवी सोय आली आणि तिच्याबरोबर हार्टब्लीड नावाने पुढे गाजलेलं छिद्र आलं. ते उघडकीला आलं ७ एप्रिल २०१४ ला. तोवर १.०.० किंवा ०.९.८ या जुन्या आवृत्त्यांवर अडून बसलेले 'मागासलेले' लोक सुरक्षित निघाले. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरदार बसवलं होतं. ते सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या मशीनवर दुरून लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि तो खणत गेला. २९ मार्चला त्याने सगळं जाहीर केलं. डेबियनची सगळ्यांना दिली जाणारी स्थिर आवृत्ती तेव्हा जुन्याच एक्सझेडवर होती, त्यामुळे चोरदार तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ताज्याची हौस असणाऱ्यांच्या मशीनवर मात्र ते येऊन बसलं होतं.

मग नियम काय धरायचा? मी घरच्यांना इतकंच सांगतो: दुरुस्ती आणि नवं घर यांत फरक करा. छप्पर गळतंय, गवंडी दारात उभा आहे, तर त्याला उद्या ये म्हणू नका. सुरक्षेच्या दुरुस्त्या, शेवटचा आकडा वाढवणाऱ्या छोट्या आवृत्त्या, या आल्या की एक-दोन दिवसांत, फार तर आठवड्यात घ्या. त्यातही कधी क्राउडस्ट्राइक होतो, पण न घेण्याचा धोका त्याहून मोठा असतो. नवं घर म्हणजे पहिला आकडा बदलणारी मोठी आवृत्ती. तिथे घाई कशाची? जुन्या घरात दुरुस्त्या मिळत आहेत तोवर एक पावसाळा जाऊ द्या. किती थांबायचं? फोन असेल तर मी पहिली दुरुस्ती आवृत्ती येईपर्यंत थांबतो. ज्या मशीनवर पोट आहे, तिथे निदान एक पूर्ण सीझन.

फक्त 'जुन्या घरात दुरुस्त्या मिळत आहेत तोवर' हे शब्द गिळू नका. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. त्यानंतरही त्यावर निवांत बसणं म्हणजे थांबणं नव्हे, विसरणं.

परतीची वाट

मला विचाराल तर नव्या आवृत्तीबद्दल पहिला प्रश्न 'यात नवं काय' हा नसावा. पहिला प्रश्न: नाही जमलं तर परत येता येईल का?

विंडोज मोठ्या अपडेटनंतर साधारण दहा दिवस जुनी आवृत्ती बाजूला जपून ठेवतं, तोवर मागे फिरता येतं. अकराव्या दिवशी 'नको रे बाबा' म्हणालात तर उशीर झाला. आयफोनवर जुनी आवृत्ती टाकायची तर ॲपलने ती अजून मान्य करायला हवी, आणि नवी आली की थोड्याच काळात ॲपल जुनीला मान्यता देणं बंद करतं. वर आणखी एक गाठ आहे: नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीच्या फोनवर उतरत नाही.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त लोकांना नडते. प्रोग्राम मागे नेता येतो, फाइली मागे जात नाहीत. नव्या आवृत्तीत एकदा फाइल उघडून सेव्ह केली की पुष्कळदा तिचा साचा बदलतो आणि जुना प्रोग्राम तिला ओळख देत नाही. हिशेबाची सॉफ्टवेअरं, चित्रफिती जुळवायचे प्रोग्राम, नकाशे काढायचे, सगळीकडे हेच. काकांच्या भाच्याने हेच केलं होतं. जुन्या फाइली नव्या फॉन्टमध्ये 'आपोआप' बदलल्या, पण त्याच नावाने, त्याच जागी. जुनं मशीन आणि त्याच्यावरच्या प्रती नसत्या तर कऱ्हाड गेलं ते गेलंच असतं.

म्हणून मोठ्या आवृत्तीवर जायच्या आधी फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क केबल काढून कपाटात. जोडलेली डिस्क हा बॅकअप नव्हे, १८०९ सारखा झाडू तिथेही फिरू शकतो. मग त्या प्रतीतली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची. हे कुणीच करत नाही. मीही पूर्वी करत नव्हतो. बॅकअप घेतलाय आणि तो उघडतोय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला एका महत्त्वाच्या रात्री कळलं, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

वेळही बघायची. आयटीत शुक्रवारी संध्याकाळी सहसा कुणी नवं काही लाइव्ह करत नाही, कारण शनिवारी फोन उचलायला माणूस नसतो. तोच न्याय घरी लावा. परीक्षेचा फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी, परदेशी निघायच्या सकाळी, मार्चअखेरीला सीएच्या ऑफिसात मोठं अपडेट करू नये. 'आत्ता करा' आणि 'आज रात्री करा' या दोन बटणांच्या खाली बारीक अक्षरात तिसरं काहीतरी असतं, ते शोधा.

अर्थात निवडायची सोय असेल तर. आयकराचं नवं पोर्टल ७ जून २०२१ ला सुरू झालं तेव्हा जुनं आधीच बंद केलेलं होतं. लॉगिन होईना, विवरणपत्रं भरली जाईनात, अर्थमंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, कोविड आणि पोर्टलच्या अडचणी मिळून विवरणपत्राची तारीख सरकत सरकत ३१ डिसेंबरवर गेली. तिथे करदात्याने थांबायचं कुठे? ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बहुतेक सेवांचं आता असंच आहे, रात्री झोपलो तेव्हा एक बटण डावीकडे होतं, सकाळी उजवीकडे. मागची वाट ग्राहकाच्या हातात नसेल तर ती देणाऱ्याने मोकळी ठेवली पाहिजे: जुनं काही दिवस शेजारी चालू ठेवून. खर्चिक आहे, कंटाळवाणं आहे, आणि मीटिंगमध्ये हाच खर्च सगळ्यात आधी कापला जातो. मी पाहिलंय.

काकांना यातलं निम्मंच सांगून झालं होतं. पण माणूस हुशार. दोन महिन्यांनी गेलो तर नव्या मशीनवर 'परीक्षा' नावाची एक फाइल. आत एक लग्नपत्रिका, जगात कुणाचीच नसलेली. वराचं नाव त्र्यंबक, वधू ज्ञानदा, मामा लक्ष्मीकांत, राहणार कऱ्हाड, वऱ्हाडी मंडळींचा मुक्काम ऱ्हस्व-दीर्घ तपासायला मुद्दाम घेतलेल्या कुठल्याशा 'चिंचपूर बुद्रुक'ला, आणि खाली 'सुऱ्या, बऱ्या व तऱ्हेवाईक पाहुण्यांनी अहेर आणू नये'. मराठीतल्या अडचणीच्या अक्षरांचं अख्खं गोत एका कागदावर. आमच्या ऑफिसातल्या कुणाच्याही चाचणीपेक्षा ती चांगली होती, मी फोटो काढून घेतला.

भाच्याने नुकतीच प्रोग्रामची दुरुस्त आवृत्ती बसवली होती. काकांनी 'परीक्षा' छापली, खिडकीपाशी नेली, खिशातून भिंग काढलं. कऱ्हाड बरोबर होतं. त्र्यंबक बरोबर होता. 'तऱ्हेवाईक'वर भिंग जरा वेळ थांबलं.

'येतंय की सगळं,' भाचा म्हणाला. 'आता ते जुनं मशीन भंगारात देऊ?'

काकांनी कागदाची घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली. 'लग्नसराई चालू आहे. तुळशीच्या लग्नाच्या आधी विचार.'